खंय नेसतलंस?

मालवणच्या बाजारपेठेत माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर, आणि कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात लेस नि लटकन. गेली १९ वर्षं मी गल्ल्यावर बसते. एवढ्या वर्षांत माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा काय निघालं असेल, तर "बाहेर उजेडात नेऊन बघा". दुकानाच्या दारात चिऱ्याची एक पायरी आहे. बायका तिच्यावर उभ्या राहतात, एका हातात साडीचा पदर, दुसऱ्या हातात ब्लाउजपीस, मान तिरकी, डोळे बारीक. पायरी मधोमध झिजून खोलगट झालीय. सासूबाई म्हणायच्या, "आपला खरा दुकान पायरेर हा, आत नुसता गोदाम."

माझाही तसाच पक्का समज होता. रंग कापडात असतो, उजेड तो दाखवतो, एवढंच. ट्यूबलाइट जरा लबाड, सूर्य खरा. या समजावर एका आमसुली साडीने बोळा फिरवला.

मे महिना, लग्नसराई. संध्याकाळी साडेसातला एक शिक्षिका आल्या, भाचीचं लग्न चार दिवसांवर. साडी रेशमी, आमसुली. म्हणजे वाळलेल्या आमसुलाचा असतो तो काळपट-लाल, किंचित जांभळ्याकडे झुकणारा रंग. (नवीन मुली याला 'वाईन' म्हणतात. म्हणू देत. पण आमसूल घरात असताना वाईन कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.) बाहेर अंधार पडलेला, त्यामुळे पायरीचा उपयोग नाही. मी त्याच वर्षी दुकानात नवे एलईडी पॅनल बसवले होते, पांढरेशुभ्र. त्याखाली मी सहा पीस लावून बघितले आणि सातवा असा जुळला की साडीवर टाकल्यावर कडा दिसेना. बाई खूश, मी खूश.

लग्न झालं, सोमवारी बाई साडी-ब्लाउज घेऊन परत. "अहो, फोटोत मी दोन वेगवेगळ्या बायकांसारखी दिसतेय. कमरेच्या खाली एक आणि वर एक." हॉलमध्ये साडी विटकरी-लाल दिसत होती आणि ब्लाउज वांग्याच्या रंगाचा. मी दोन्ही कापडं गल्ल्यावर टाकली, पॅनलखाली. जुळत होती! तशीच, तंतोतंत. मी तसं म्हटलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे काटा मारणाऱ्या वाण्याकडे बघावं तसं बघितलं.

मग आम्ही पायरीवर गेलो. तिथे थोडा फरक दिसला, शंका घेण्याइतका. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी त्यांना शेजारच्या खाजेवाल्याकडे नेलं. त्याने खाज्यांच्या काचेवर पिवळे बल्ब लावलेत, गूळ चमकावा म्हणून. त्या बल्बाखाली साडी धरली मात्र, ती एका बाजूला पळाली आणि ब्लाउज दुसऱ्या. साडी लाल, ब्लाउज जांभळा. खाजेवाला पण बघून म्हणाला, "ह्या जुळला खंय?"

मी ब्लाउजचे आणि शिलाईचे मिळून ७२० रुपये परत दिले. दुसरा पीस खाजेवाल्याच्या दिव्याखाली निवडला. तो मात्र माझ्या पॅनलखाली जुळत नव्हता.

हे डोक्यातून जाईना. दोन कापडं एका ठिकाणी सारखी आणि दहा पावलांवर वेगळी. लबाड कोण? साडी, ब्लाउज, की दिवा?

उत्तर मिळालं इचलकरंजीला. माल बघायला गेले होते, एजंटने एका प्रोसेस हाउसमध्ये नेलं. तिथे जुन्या टीव्हीच्या कपाटाएवढी एक पेटी होती, आतून राखाडी रंगवलेली, वर तीन-चार दिवे आणि बटणं. रंगारी कापड रंगवून झालं की नमुन्याशेजारी ठेवून एकेक बटण दाबतो. डी६५ म्हणजे दिवसाचा ढगाळ उजेड, टीएल८४ म्हणजे मोठ्या दुकानांतली ट्यूब, आणि ए म्हणजे घरातला जुना पिवळा बल्ब. मी पर्समधून माझे दोन तुकडे काढले. साडीच्या पदराची कातरण आणि तो बदनाम ब्लाउजपीस, दोन्ही मी जपून ठेवले होते. डी६५ दाबलं, थोडा फरक. टीएल८४, जवळपास एकच. ए दाबलं आणि परत वांगी. तिथला माणूस अजिबात चकित झाला नाही. म्हणाला, "मेटामेरिझम आहे, ताई. रोजचंच." आणि रेशमावर एका जातीची डाय चढते, पॉलिस्टरवर दुसरीच, मग डोळ्याला एक दिसलं तरी आतला माल वेगळा, असं त्याने समजावलं.

"आतला माल वेगळा" हे शब्द मात्र मला लागले. बसमध्ये गगनबावड्याचा घाट उतरताना मी ते माझ्या भाषेत असं बसवलं:

समजा दोन बायका बाजार करून आल्या. एकीने नारळ नि तांदूळ घेतले, दुसरीने बांगडे नि कोकम. दोघींचं बिल ५०० रुपये. पिशवी न उघडता नुसतं बिल बघितलं तर दोघींचा बाजार सारखाच. आता नारळाचा भाव वाढला. पिशव्या त्याच, पण एकीचं बिल ५६० झालं, दुसरीचं ५००च राहिलं. उजेड म्हणजे भाव. कापडातली डाय म्हणजे पिशवीतला माल. आणि आपला डोळा पिशवी कधीच उघडत नाही, फक्त बिल बघतो. डोळ्याच्या पडद्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या, म्हणजे बिलं तीन येतात. पण येतात ती बिलंच.

कापड स्वतः काही देत नाही. पडलेल्या उजेडातला काही भाग ते गिळतं, उरलेला परत फेकतं, आणि त्या उरलेल्याला आपण रंग म्हणतो. आमसुली कापड हिरव्या पट्ट्यातला उजेड गिळतं आणि लाल परत करतं. पण दिव्यातच लाल कमी असेल तर? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

माझ्या पॅनलांचं नेमकं हेच दुखणं होतं. पांढऱ्या एलईडीत मूळ दिवा निळा असतो, त्यावर पिवळ्या पावडरीचा थर, आणि दोन्ही मिसळून आपल्याला पांढरं वाटतं. निळं भरपूर, गडद लाल तुटपुंजं. निळा एलईडी बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली नोबेल मिळालं. माझं विजेचं बिल उतरलं ते त्यांच्या कृपेने, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण खोक्यावर 'सीआरआय ८०' असं छापलेलं असतं ते मी तोवर कधी वाचलंच नव्हतं. तो आकडा सांगतो की या दिव्यात रंग किती खरेपणाने दिसतात; जुन्या पिवळ्या बल्बाचा १०० धरतात. पण तो काढताना ८ फिकट रंगच तपासतात, गडद लाल त्यात नसतोच! तो वेगळा, आर९ या नावाने मोजतात आणि खोक्यावर बहुतेक छापत नाहीत. म्हणजे मुलाला सगळ्या विषयांत पास दाखवायचं आणि गणिताचा पेपर मोजायचाच नाही. आमच्या धंद्यात निम्मी साडी लाल घराण्यातली: लाल, डाळिंबी, मरून, राणी, आमसुली. मी पॅनल बदलले. नवे महाग पडले.

त्यानंतर मला एक खूळ लागलं, ते घरात सगळ्यांना माहीत आहे. शेडकार्डातले २४ तुकडे मी एका कडीत ओवले, किल्ल्यांच्या जुडग्यासारखे. आणि जाईन तिथे तो जुडगा काढून बघायला लागले. मुलगी म्हणते, "आई जपमाळ घेऊन निघाली."

पहिली फेरी मासळी बाजाराची. पावसाळ्यात तिथे निळी ताडपत्री बांधलेली असते, आणि एक-दोघी लाल छत्रीखाली बसतात. निळ्या ताडपत्रीखाली माझा लाल तुकडा काळवंडला, अबोली राखट झाला. लाल छत्रीखाली उलट, लाल नि पांढरा जवळजवळ भाऊ-भाऊ. आणि त्याच छत्रीखालची कोळीण बांगड्याचा कल्ला उघडून दाखवत म्हणाली, "वयनी, रक्तासारखो लाल हा, बघा." तो लाल असणारच! त्या छत्रीखाली माझं नाकसुद्धा लाल होतं. मी काही म्हटलं नाही. तिने छत्री मुद्दाम निवडली असेल असंही नाही, जत्रेत मिळाली ती घेतली असेल. पण मग मला सासूबाईंची सवय आठवली. त्या मासा उचलून, ताडपत्रीतून दोन पावलं बाहेर पावसात येऊन, कल्ला बघायच्या. भिजायच्या. कोळणी चिडायच्या. दिवे लागल्यावर मासे घ्यायला त्या कधीच गेल्या नाहीत. आम्ही याला म्हातारीचा हट्ट म्हणायचो.

दुसरी फेरी दहीकाल्याची. माझ्या माहेरच्या गावी त्रिपुरारी पौर्णिमेनंतर जत्रा, रात्रभर दशावतार. स्त्रीपार्टी करणारे एक नट दरवर्षी हंगामाच्या आधी माझ्याकडे अस्तर नि ब्लाउजपीस घ्यायला येतात, पुरुष गिऱ्हाइकांत त्यांच्याइतकं चोखंदळ कोणी नाही. मी एकदा त्यांना सुंदर लाल रंग दाखवला, तर हात जोडून म्हणाले, "माका लाल नको. अरण्यातलो सीन इलो की लाल लुगडा काळा पडता." मी जत्रेत जाऊन बघितलं. पूर्वी गॅसबत्ती असायची, आता ट्रिकसीनसाठी लाल, हिरवे, निळे एलईडी, आणि अरण्य आलं की सगळा मांड हिरवागार. त्या हिरव्यात लाल कापडाला परत द्यायला काही नसतं. दुसऱ्या एका नटाचा लाल शेला खरोखर काजळासारखा झाला होता. आणि आमचे हे स्त्रीपार्टी नट पिवळ्या लुगड्यात झळकत होते. पिवळं कापड लालही परत करतं आणि हिरवंही, त्यामुळे त्या तीन दिव्यांपैकी दोघांत ते तगून राहतं, निळ्यात तेवढं मरतं. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. ४० वर्षं रात्री उभं राहून त्यांनी ते डोळ्यांनी काढलं होतं. मध्यरात्री मांडाच्या कडेला मी जुडगा काढून एकेक तुकडा हिरव्या झोतात धरत होते, तर मागची एक आजी म्हणाली, "गो बाय, नाटक बघ, चिंध्या काय बघतंस?"

घरातली गोष्ट घाईत सांगते. आमटी उतू गेली की गॅसची निळी ज्योत पिवळी होते, ती त्यातल्या मिठाने. मिठातलं सोडियम तापलं की जवळजवळ एकाच जातीचा पिवळा उजेड देतं, ५८९ नॅनोमीटरचा. मुलीच्या शाळेतला स्पिरिटचा दिवा आणून आम्ही वात मिठाच्या पाण्यात भिजवली आणि खोलीत काळोख केला. जुडग्यातले २४ रंग गेले. राहिले ते पिवळट, राखी आणि काळे. मुलगी म्हणाली, तुझं दुकान बंद. मला जरा भीतीच वाटली, खोटं कशाला बोला.

पण खरी मजा पाण्याखाली. माझ्या दिराचा मुलगा डायव्हिंगच्या धंद्यात आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या अलीकडे पर्यटकांना पाण्यात नेतो. दरवर्षी म्हणायचा, "काकी, एकदा येवा." मी ४६व्या वर्षी, समुद्राच्या काठी जन्म काढून, पहिल्यांदा समुद्रात डोकं घातलं, आणि तेही तुकड्यांच्या जुडग्यासाठी. होडीतल्या पुण्याच्या पाहुण्यांना वाटलं काहीतरी नवस असेल.

नाकावर मास्क, तोंडात नळी, कानात दडा बसलेला. पुतण्याने हाताला धरून खाली नेलं. जुडगा मनगटाला बांधलेला. पाण्याच्या वरच्या थरात लाल तुकडा लालच होता. दोन पुरुष खाली गेल्यावर तो विटेसारखा झाला. तळाशी, पुतण्याच्या घड्याळात ७ मीटर दिसत होते, तिथे तो तपकिरीही नव्हता, नुसता काळपट. डाळिंबी, मरून, आमसुली, तिघी एकाच विहिरीत पडल्यासारख्या काळ्या, कुठली कुठली ओळखेना. अबोली राखेच्या रंगाची. पिवळा आणि पोपटी मात्र ठणठणीत. मोरपंखी तर वरच्यापेक्षा उजळ वाटला. आपल्या किनाऱ्याचं पाणी काही फोटोतल्यासारखं निळं नाही, हिरवट आहे, गाळ आणि सूक्ष्म जीवांनी भरलेलं, त्यामुळे सगळ्यावर एक शेवाळी पडदा.

एक तुकडा मात्र वेड्यासारखा पेटलेला. रेडियम नारिंगी, लाइफ जॅकेटला असतो तो. आजूबाजूला नारिंगी उजेडाचा पत्ता नाही आणि हा झगझगीत! त्यातली डाय हिरवा-निळा उजेड गिळते आणि स्वतःच नारिंगी करून बाहेर टाकते, म्हणून. आडात नसलेलं पोहऱ्यात आणणारा तेवढा एकच.

मी लाल तुकडा पुतण्यासमोर धरून खुणेने विचारलं, काय झालं याचं? त्याने कमरेची बॅटरी काढून त्याच्यावर मारली. काळी चिंधी क्षणात लालभडक झाली. नळीतून माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला, बुडबुडे सुटले, आणि त्याने घाबरून मला वर न्यायची खूण केली. मला वर जायचं नव्हतं. मला दुसरा तुकडा बघायचा होता.

होडीवर आल्यावर त्याने सांगितलं की पाणी लाल उजेडच आधी पितं. अगदी स्वच्छ पाण्यातसुद्धा ७ मीटरपर्यंत गडद लाल उजेडाचा जेमतेम दहावा हिस्सा पोचतो. बॅटरीचा उजेड हातभर अंतरावरून येतो, तेवढ्यात पाण्याला तो पिता येत नाही. म्हणून पाण्याखाली फोटो काढणारे दिवा बाळगतात किंवा कॅमेऱ्यावर लाल काच लावतात. मी म्हटलं, मग ती तांबोशी? बाजारात एवढी लाल दिसते, खाली कोणासाठी लाल असते? तो हसला. "खाली ती लाल नसताच, काकी. खाली ती काळपट, कोणाक दिसणा नाय. लाल होता ती लिलावात."

त्या वाक्यावर मी आठवडाभर होते.

एक गोष्ट मात्र मला सतावत राहिली. उजेडाने एवढा फरक पडतो, तर मग आपल्याला रोज घरात वेड का लागत नाही? सकाळी अंगणात, दुपारी झाडाखाली, रात्री पिवळ्या बल्बाखाली, माझी तीच निळी साडी मला निळीच वाटते. कारण डोळा आणि डोकं मिळून उजेडाचा रंग आधीच वजा करतात. खोलीत सगळंच पिवळट असलं की ते म्हणतात, हा पिवळेपणा दिव्याचा, वस्तूंचा नाही, आणि हिशेबातून काढून टाकतात. पाच-दहा मिनिटांत पिवळ्या दिव्याखालचा कागदही पांढरा वाटायला लागतो. हे मुकाट्याने चालतं म्हणून आपल्याला पत्ताच नसतो.

पत्ता लागतो तो हिशेब चुकला की. २०१५च्या फेब्रुवारीत त्या एका ड्रेसच्या फोटोने जगभर भांडणं लावली होती, आठवतं? दुकानातली मुलगी म्हणत होती पांढरा नि सोनेरी, मी म्हणत होते निळा नि काळा. एकच मोबाइल, एकच फोटो, मधे दोन वितींचं अंतर. दोन दिवस आम्ही एकमेकींच्या डोळ्यांवर संशय घेतला. ड्रेस खरा निळा-काळा होता, एवढ्यावर मी जिंकले असं मानते. पण फोटोत उजेड कुठला ते कळायला काही खूण नव्हती. ज्यांच्या डोक्याने 'हा सावलीतला निळसर उजेड' असं धरलं, त्यांनी निळं वजा केलं आणि पांढरा-सोनेरी बघितला. ज्यांनी पिवळा दिवा धरला, त्यांनी पिवळं वजा केलं.

हल्ली माझा सगळा ताप हाच आहे. व्हॉट्सॲपवर साडीचा फोटो येतो, "काकी, मॅचिंग काढून ठेवा, मुंबईहून रविवारी येते." फोटो कुठे काढला? बेडवर, रात्री, जांभळ्या भिंतीशेजारी. मोबाइल स्वतःच्या अकलेने उजेड वजा करतो, माझा मोबाइल स्वतःच्या रंगात दाखवतो, आणि मग रविवारी बाई म्हणतात, हा कुठला काढलात? आता मी नियम केलाय. साडीवर पांढरा कागद ठेवायचा, वहीचं पान चालेल, आणि दिवसा खिडकीजवळ फोटो काढायचा. कागद पिवळा आला तर कळतं किती वजा करायचं. अर्ध्या जणी ऐकतात. उरलेल्या अर्ध्या कागदावर हिशेब लिहिलेला पाठवतात.

पांढऱ्यातही भानगड आहे. जूनमध्ये शाळेचे शर्ट घ्यायला लोक येतात, आणि दोन पांढरे उन्हात शेजारी ठेवले की एक पिवळट. आजकालच्या पांढऱ्या कापडात आणि साबणाच्या पावडरीत असं द्रव्य असतं जे उन्हातले न दिसणारे अतिनील किरण घेऊन निळसर उजेड फेकतं, म्हणून उन्हात कपडा झगझगतो. आजी नीळ घालायची ती वेगळ्या वाटेने हेच करायची. माझ्या एलईडीत ते किरण जवळजवळ नाहीतच, त्यामुळे दुकानात दोन्ही शर्ट सारखे नि शाळेच्या मैदानात वेगळे.

या सगळ्यातून माझ्या धंद्यात बदल झाला तो एवढाच, की आता मी साडी हातात घेण्याआधी विचारते: कुठे नेसणार? दुपारचं लग्न की रात्रीचं रिसेप्शन? हॉल की अंगणातला मांडव? मांडवाचं कापड कुठल्या रंगाचं? नव्या गिऱ्हाइकांना वाटतं, ही बाई फार चौकशा करते.

आता पायरीचं सांगते, म्हणजे लिहायला बसले ते कारण. समोरच्या घराची भिंत गल्लीच्या पलीकडे, पाच-सहा पावलांवर. इतकी वर्षं ती बिनगिलाव्याची, उघड्या चिऱ्याची होती. गेल्या दिवाळीत त्यांनी गिलावा करून तिला रंग दिला. पोपटी. साधासुधा नाही, कैरीवर ट्यूब सोडल्यासारखा. दुपारी ऊन त्या भिंतीवर पडतं आणि पोपटी होऊन माझ्या पायरीवर येतं. पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने मोतिया पीस परत दिला, "हिरवा मारतोय." मी जुडगा काढून बघितला, सगळेच गुलाबी आजारी. चिडून त्यांच्या दारात जाणार होते, आणि मग पायातलं बळच गेलं. म्हणजे याआधी १९ वर्षं त्याच भिंतीवरून लाल चिऱ्याचा उजेड माझ्या पायरीवर पडत होता! ज्या पायरीला मी सूर्याची साक्ष म्हणून दाखवत होते, तीही दुपारी दोन ते पाच लालसर बोलत होती. सासूबाईंनाही हे कळलं नव्हतं. आता मी भर पावसातल्या ढगाळ सकाळींची वाट बघते, तेव्हाच काय ती पायरी सरळ असते.

परवा समोरची वयनीच आली. मोतिया साडी, हिरव्या काठाची, ब्लाउज हवा. दुपारचे तीन. ती सवयीने पायरीवर गेली आणि मी एकामागून एक पीस देत गेले, पिस्ता, शेवाळी, मेहंदी, साधा क्रीम. पोपटी उजेडात साडीही हिरवट, पीसही हिरवट.

"सगळेच जुळतत गो!" ती म्हणाली.

मी तिला आत घेऊन दिव्याखाली उभी करणार होते. पिस्ता तिथे तिच्या साडीशी अजिबात गेला नसता. पण तोंडातून आपला नेहमीचा प्रश्न गेला, "खंय नेसतलंस?"

"खंय म्हणजे? घरातच. सत्यनारायणाक. ओटयेर पूजा मांडतलो."

तिची ओटी त्याच भिंतीला लागून आहे. पूजा दुपारची.

मी पिस्त्याचा तागा उलगडला, ८० सेंटिमीटर मोजलं आणि कात्री लावली.